कुंकवाची बटणं

दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस मशीन चालायचं. एक हात मोकळा राहावा म्हणून सगळेच एका बटणाच्या फटीत काडी खुपसायचे. त्यातच दिगंबरची दोन बोटं गेली.

बरा होऊन तो कामावर आला, तेव्हा सुपरवायझर नलावडे मॅडम म्हणाल्या, "आता या काड्या तूच बंद करायच्या."

"माझं कोण ऐकणार? मी तरी कुठं ऐकलं होतं?"

खंडेनवमीला मशीनची पूजा त्यानंच केली. उरलेल्या बोटांनी प्रत्येक बटणावर ओलं कुंकू फासलं. मग काम सुरू झालं.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरचा शिवाप्पा समोर आला. त्याचे लालभडक हात बघून दिगंबर डबा टाकून उठला.

शिवाप्पानं दोन्ही तळवे पुढं केले. "कुंकवात काडी कशी खुपसायची, लेका?"

बोटं दहाच्या दहा होती.