तिसऱ्या खांबाची तहान

इंजिनीअरने पहिल्या खांबावर हातोडी मारली. टण्ण. दुसराही तसाच खणखणीत वाजला. तो तिसऱ्याकडे वळला, तशी शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशीने डोळे गच्च मिटून घेतले.

तिसरा भद्द वाजला, फुटक्या मडक्यासारखा.

तिला ते ठाऊकच होतं. एकतीस वर्षांपूर्वी ही इमारत बांधली, तेव्हा ताज्या खांबांना गोणपाट गुंडाळून दिवसातून तीनदा पाणी मारायचं काम तिचंच होतं. लेक तापाने फणफणली आणि चार दिवस ती कामावर फिरकली नाही. बाकीच्या खांबांना कुणी ना कुणी पाणी मारलं, कोपऱ्यातला हा तेवढा कोरडा राहिला. मुकादमाला पत्ताही लागला नाही. पुढे तिला इथेच नोकरी लागली, आणि या खांबाने तिचा पिच्छा पुरवला. जाता-येता तो तिला तहानलेला दिसे. वरच्या वर्गात पोरं पाढे म्हणू लागली की ती झाडू थांबवून त्याच्याकडे बघत राहायची.

म्हणून रोज सकाळी घंटेआधी ती एक बादली त्याच्या अंगावर ओतायची. लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा चुकली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, फरशी धुतेय. आज तपासणी, म्हणून दोन ओतल्या होत्या.

"साहेब," तिने अखेर धीर केला, "चूक माझी आहे. बांधला तेव्हा चार दिवस पाणी नाही मारलं मी याला."

इंजिनीअर हसला. "मावशी, चार दिवस चुकले म्हणून खांब मरत नाही. वरून जरा कच्चा राहतो, एवढंच. पुढे कोरडा राहिला, तर तुमच्या नातवंडांनाही पुरतो."

त्याने हातोडीच्या टोकाने एक पापुद्रा उकलला. आतली सळई गंजून फुगली होती. तांबडा भुगा त्याच्या बुटांवर सांडला आणि त्याचं हसू मावळलं.

"आधी वरचा वर्ग रिकामा करायला सांगा. याला पाण्याने खाल्लंय, रोजच्या पाण्याने. पण इमारतीच्या आतला खांब हा, पाऊस लागत नाही, नळ नाही... पाणी येतं कुठून?"

त्याने छत पाहिलं, भिंत पाहिली. मग फरशीवरच्या ओलीमागून त्याची नजर हळूहळू मावशीच्या ओल्या पावलांपाशी येऊन थांबली.