सुलटा हंडा

नदीपलीकडे गुलामी मोडायला निघालेल्या उत्तरेच्या फौजेच्या तोफा धडाडू लागल्या, तसं मालकीणबाईंनी आम्हा गुलामांना कापसाच्या शेतातून अंगणात बोलावलं. “गुडघे टेका. दक्षिणेला जय मिळू दे, अशी मोठ्यानं प्रार्थना करा.” केझाया मावशी मात्र झोपडीत गेली, कपडे उकळायचा लोखंडी हंडा घेऊन आली. “प्रार्थना करायला सांगितलंय, धुणं धुवायला नाही!” बाई खेकसल्या. आम्ही रात्री चोरून प्रार्थनेला जमायचो, तेव्हा हाच हंडा दाराशी पालथा घालायचो. तो आवाज गिळतो, बंगल्यापर्यंत जाऊ देत नाही, असा आमचा विश्वास. मावशीनं तो बाईंच्या पायांशी सुलटा ठेवला. “बाईसाहेब, इतकी वर्षं हा पालथा घालून देवाशी बोललो, तुमच्या कानांवर जाऊ नये म्हणून. प्रार्थना तीच आहे. आज ऐकाच.” तिनं उत्तरेचा जय मागितला, आमची सुटका मागितली. आमच्या ‘आमेन’पुढे तोफाही ऐकू येईनात.