कोरं कार्ड

त्र्याहत्तर साली विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी मी पळसदरीच्या बायकांना चित्रांची कार्डं दाखवत होते आणि त्यांच्याकडून गोष्टी ऐकत होते. शेवटचं कार्ड मुद्दाम कोरं असायचं. त्यावर जिनं तिनं आपल्या मनातलं चित्र बघायचं.

गौराबाईला त्यात पाठमोरी बसून रडणारी एक बाई दिसली. हमिदालाही तीच दिसली. मग सगळ्यांनाच तीच दिसायला लागली.

"तूच त्यांना सुचवतेस," असं म्हणून सरांनी माझं चार वर्षांचं काम परत केलं. मला तर त्या कार्डात पांढऱ्या कागदाशिवाय काहीच दिसत नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून, ते कार्ड अजून न पाहिलेल्या येसूबाईंकडे गेले. त्या पहिल्यापासून मला लेकीसारखं अगं-तुगं करायच्या. त्यांनी कार्ड दाराच्या उजेडात धरलं.

"यात कोन बी नाय. कोराच कागुद हाय."

मला रडूच फुटलं. इतक्या दिवसांत कुणीतरी खरं बोललं होतं.

"नका रडू गं तुमी," त्या म्हणाल्या.

डोळे पुसत मी विचारलं, "आज मला एकदम तुम्ही?"

येसूबाई माझ्या शेजारच्या रिकाम्या घोंगडीकडे बघत होत्या.

"तुला एकलीला नाय गं. दोघींना सांगते."