काचेवरची वाफ

भंडाऱ्याची प्रतिक्षा रामटेके सुटी मिळाली की एकटीच जुनी शिल्पं पाहायला निघायची. मे महिन्यातल्या एका दुपारी ती पवनीकडच्या लहानशा संग्रहालयात शिरली. आत दुसरं कुणीच नव्हतं.

कोपऱ्यातल्या काचपेटीत उत्खननात सापडलेला मातीचा एक चेहरा होता. त्याच्यासमोरची काच धुरकटली होती. तिनं ओढणीनं पुसली, तरी वाफ तशीच. ती काचेच्या आतून होती, आणि कुणी श्वास घ्यावा तशी विरत होती, पुन्हा धरत होती.

"काका, ही पेटी कोणी उघडते का?" तिनं दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराला विचारलं.

"किल्ली हरवली तवापासून कोनीच नाही, ताई," ते म्हणाले. पाठोपाठ दार ओढल्याचा आवाज आला.

प्रतिक्षा धावतच काचेच्या दाराशी गेली. कडी बाहेरून लागली होती.

"काका, मी आतच आहो ना!" ती दोन्ही हातांनी काच बडवू लागली.

बाहेर माणसं जमली होती. नाकं काचेला टेकवून ती तिच्याकडे कौतुकानं पाहत होती, आणि त्यांच्या श्वासानं काच धुरकटत चालली होती. रखवालदार त्यांना हळू आवाजात सांगत होते, "जवळून पाहा, पण काचेले हात नोका लावू."