शकुबाईला आलेलं उत्तर

नीलिमाला परत पाठवायचं की नाही, हे देवालाच विचारू, असं ठरलं तेव्हा तिचा नवरा प्रणित प्रार्थनाघराबाहेर सागाखाली बसला होता. धुतलेला शर्ट, हातात बायबल, डोळे रडून लाल. कोरपन्याहून तो पहाटेच निघाला होता. दारू सोडली, आता बायकोवर हात उचलणार नाही, असं तो भेटेल त्याच्या पाया पडून सांगत होता.

आत तिघंच होती. मंडळीचे पास्टर वामनराव, नीलिमा आणि शकुबाई.

शकुबाई विधवा, मूलबाळ नसलेली. धानाची कापणी चालू असताना नीलिमा सुजलेलं तोंड घेऊन तिच्या दारात उभी राहिली होती. मायबाप नसलेल्या त्या पोरीला मंडळीशिवाय दुसरं माहेर नव्हतं. तेव्हापासून शकुबाईच्या घरात बोलायला माणूस आलं. भाकरी थापताना कुणीतरी गाणं गुणगुणू लागलं. आता तू इथंच राहा, असं रोज शकुबाईच्या ओठांवर यायचं. ती ते गिळून टाकायची.

देवाचं ऐकायला तिला वामनरावांनीच शिकवलं होतं. डोळे मिटून शांत बसायचं, मनातला गलबला खाली बसू द्यायचा आणि मग जे उरेल ते ऐकायचं. सुरुवातीला एकदा तिने भर सभेत उभं राहून सांगितलं, की नाताळच्या जेवणाला तुझी बकरी देऊ नको, असं देव मला म्हणाला. सगळे हसले. वामनराव हसले नाहीत.

"बाई," ते म्हणाले होते, "मनाले जे पाह्यजे असते ते मन देवाच्या आवाजात बोलते. आइकून गोड लागलं, तर समजा, आपलंच मन बोलून राह्यलं."

बकरी गेली. धडा राहिला.

पुढे तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात तिला 'मागं फीर' असं ऐकू आलं. समोर पानं भरपूर होती, विकायचे पुडे अजून बांधून व्हायचे होते, तिचं मन पुढे चल म्हणत होतं. तरी ती सोबतच्या बायांना घेऊन परतली. त्यांच्यातली मनकर्णा मात्र त्याच वाटेने पुढे गेली आणि तिला वाघाने धरलं. त्या दिवसापासून मंडळीत शकुबाईच्या शब्दाला वजन आलं. मोठी गोष्ट असली की वामनरावसुद्धा आधी तिलाच विचारत.

तिघांनी डोळे मिटले. बाहेर प्रणित नाक ओढत होता, तेवढाच काय तो आवाज.

शकुबाईला उत्तर आलं. इतकं स्वच्छ तिला आजवर कधीच ऐकू आलं नव्हतं. कुणी कानाशी तोंड आणून बोलावं तसं. मग तिने पदराने डोळे पुसले.

"बोला बाई," वामनराव म्हणाले.

"जाऊ द्या तिले."

वामनरावांनी तिच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि ते आमेन म्हणाले.

नीलिमा रडली नाही. घरी येऊन तिने पिशवी भरली. निघताना एकदाच विचारलं, "मोठीमाय, तुमाले पक्कं आइकू आलं न?"

"हो पोरी. एकदम साफ आलं."

एसटी वळणाआड गेली तरी शकुबाई रस्त्यावर उभी होती. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं. एवढं जड जातं, म्हणजे ही आज्ञा देवाचीच, अशी तिने मनाची समजूत घातली आणि ती घरी परतली.

मोहफुलं पडायच्या आधीच फोन आला. प्रणितने सांगितलं, की नीलिमा जिन्यावरून पडली. डॉक्टरांनी तसं मानलं नाही. पोलिसांनी त्याला नेलं. सासरचं कुणी पुढे आलं नाही, म्हणून मंडळीची माणसं जाऊन तिचा देह गावी घेऊन आली. वामनरावांच्या धानाच्या बांधीच्या कडेला तिची कबर खणली गेली. प्रार्थना म्हणताना पास्टरांचा आवाज दोनदा तुटला.

लोक एकेक करून पांगले. वामनराव शेताच्या धुऱ्यावर बसले. शकुबाई कबरीजवळ उभी होती.

"बाई, तुमाले एक सांगाचं होतं," ते खाली पाहत म्हणाले. "त्या दिवशी मी बी आइकलं होतं. देव म्हणे, पोरीले पाठवू नको. पण तुमी आधी बोलल्या, अन् तुमचं आइकणं चुकत नाई. मले वाटलं, माही दयाच बोलून राह्यली. म्हणून मी चूप बसलो."

शकुबाई खाली बसली. ओल्या मातीतलं एक ढेकूळ तिने हातात घेतलं, चुरलं आणि पुन्हा कबरीवर सोडलं.

"भाऊ," ती म्हणाली, "मले बी तेच आइकू आलं होतं."