सात जणांची सहल

जीप थेट ग्रामपंचायतीच्या पायरीला लागली. सात सदस्य एकापाठोपाठ उतरले. कपाळाला टिळे, गळ्यात एकसारखे गमछे आणि डोळ्यांत जागरण. घरी जाऊन तोंड धुवायचीही मुभा नव्हती. उपसरपंच दौलतरावांनी त्यांना बकऱ्यांसारखं हाकत सरळ सभागृहात नेलं.

आत तहसीलदारांच्या शेजारी सरपंच वैजयंती बसली होती. सदस्य आत आले आणि दार बंद झालं. वर तापलेले पत्रे, आणि पंखा नुसता घुं घुं करणारा. अविश्वास ठरावाला नवापैकी सात हात लागतात. दौलतरावांनी मोजून सात आणले होते, स्वतःचा धरून.

हे आता नेहमीचंच झालंय. मतदान जवळ आलं की सदस्यांना देवदर्शनाला न्यायचं, फोन काढून घ्यायचे आणि मतदानाच्या वेळेलाच परत आणायचं. देवांकडे हल्ली भक्त कमी आणि कैदी जास्त येतात. दौलतराव तर पक्के गडी. शिर्डी, शिंगणापूर, वणी असं आठवडाभर फिरवताना त्यांनी स्वतःचाही फोन बंद ठेवला होता. न जाणो, कोणी पाहुणा मध्यस्थीला गळ घालायचा. गावातली खबर देणारी त्यांची माणसं तर त्यांच्याच जीपमध्ये होती.

नववी सदस्य गोमतीबाई तेवढी मागे राहिली होती. तिची शेळी विणार होती. शिवाय सात पुरेसे होते, म्हातारीला विचारतो कोण?

खरं तर वैजयंती त्या खुर्चीत पहिल्या दिवसापासून अडकलेलीच होती. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, म्हणून दौलतरावांनी भावकीतल्या या सुनेला बसवलं. सही तिची, शब्द त्यांचा, आणि एक गोमतीबाई सोडली तर सदस्य सगळे त्यांचेच. कितीतरी दिवस तिने मुकाट सह्या केल्या. मग एका गोष्टीवर ती अडून बसली. ती म्हणजे तांड्याचं पाणी.

तांडा दुसऱ्या ग्रामपंचायतीत. त्याची पाइपलाइन मात्र या गावच्या शिवारातून जायची होती. वरून मंजुरी आली, पाइपही येऊन पडले आणि वर्षभर उन्हात तापत राहिले. या ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव तेवढा मिळत नव्हता. दौलतरावांचं सगळं राजकारण तांड्याशी असलेल्या भांडणावर उभं. ते भांडण मिटू देतील कसे? तांड्यातल्या पोरी डोक्यावर घागरी घेऊन बांधावरून जाताना दिसल्या की वैजयंतीला घास जात नसे. दर सभेला ती विषय मांडायची आणि दर सभेला तेच सात हात तो पाडायचे. राजीनामा द्यावा तर त्यांचंच माणूस येणार. राहावं तर रोजचा घाणा.

तिची मुलगी योगिनी बी.ए.चा इतिहास घोकत होती. एका सकाळी चुलीपाशी बसून म्हणाली, "आई, अमेरिकेच्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचं तुह्यासारखंच झालतं. मंत्री सारे आधीच्याचे. खायचे याचं अन् ऐकायचे भलत्याचं. त्यानं फ्रान्सशी लढाई होऊ देली नाही, तर घरचेच उलटले. पडला मंग निवडणुकीत."

"पडला त पडला," वैजयंती म्हणाली. "पण लढाई टळली ना?"

"टळली."

वैजयंती भाकरी थापत राहिली.

"सरपंच, तुम्हाला काही बोलायचं आहे?" आता सभागृहात तहसीलदारांनी विचारलं.

"नाही साहेब."

"ठरावाच्या बाजूने?"

सात हात वर गेले. कोपऱ्यात बसलेल्या गोमतीबाईचे दोन्ही हात मांडीवरच राहिले. वैजयंतीने एकेक हात मोजला. खुर्ची कितीही नकोशी असली, तरी ओळखीची सात माणसं तोंडासमोर हात वर करतात तेव्हा लागतंच, खोटं कशाला बोला.

बाहेर फटाक्यांची माळ लागली. तहसीलदार कागद घेऊन गेले. दौलतरावांनी रिकामी झालेली खुर्ची ओढली, ऐसपैस बसले आणि ग्रामसेवकाला म्हणाले, "नवी सरपंच बसली का पैल्याच सभेत तांड्याची पाइपलाइन कायमची नामंजूर करून टाका. कटकटच नको."

ग्रामसेवक फरशीकडे पाहू लागला. "भाऊसाहेब, ते तर झाली."

"काय झाली?"

"मंजूर झाली. तांड्यातले सारे लोक खोदायले लागले, पाइप बी गाडून झाले. काल सांजेपासून तिकडं नळ चालू हाये."

दौलतरावांचा चेहरा उतरला. सहाही जण एकमेकांकडे पाहू लागले. "येडा झाला का तू? निम्मे सदस्य असल्याबिगर सभा होत नाही. कोरम नसता ठराव होतेच कसा?"

वैजयंतीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराशी थांबली. "कोरम नव्हता, म्हणून मासिक सभा तहकूब झाली, मामाजी. अन् तीच सभा दुसऱ्यांदा बोलावली का मंग तिले कोरम लागत नाही. कायदाच हाये तसा."

"सभेत होतं कोण?"

"मी अन् गोमतीमाय. बाकीच्यायले तुमीच देव दाखवाले नेलतं."