हैदराबाद ते कोल्हापूर, सरळ रेषेत

गच्चीवरच्या खुराड्यात बारा कप्पे होते आणि अकरा कबुतरं. बारावं सकाळी साडेसहाला हैदराबादेत सोडलं होतं. तिथून कोल्हापूर सरळ रेषेत ४५८ किलोमीटर. पेठेतला विक्रम सात तास चाळीस मिनिटांचा होता आणि माझे वडील, अण्णा, तो मोडायला वीस वर्षं धडपडत होते.

बरोबर दोनला आभाळात ठिपका दिसला. “आलं, अण्णा!” मी ओरडले. पण कबूतर शेजारच्या टाकीवर बसलं. खुराड्यात शिरल्याशिवाय शर्यतीत वेळ धरत नाहीत. अण्णांनी शीळ घातली, दाण्यांचा डबा खुळखुळवला. ते हलेना.

“अण्णा, पोरीला एमएस्सी केलंसा, तिला विचारा की कधी उतरतंय!” शेजारचे बापूकाका हसले.

दोन वाजून पाच मिनिटं झाली. कबूतर एकटक बघत होतं माझ्या कॅमेऱ्याच्या काळ्या तिवईकडे. वेळ अचूक टिपायला ती मी आजच मांडली होती.

“अण्णा, ते हिला भ्यालंय!” तिवई उचलून मी जिन्यात पळाले.

तिथून काहीच दिसत नव्हतं. पंख फडफडले. खुराड्याची झडप खट्कन वाजली आणि मी हातातलं घड्याळ थांबवलं.

सात तास, अडतीस मिनिटं, चार सेकंद.